पक्षाघातानंतर वाढलेले वडिलांचे वजन: मोबाइल ॲपचा खरोखर उपयोग होतो का?

सिद्धेश्वरपेठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ६२) १४ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून फारसा चालत नाही, उजवा पाय ओढला जातो आणि बोलताना नेमका शब्द सापडत नाही. समजते मात्र सगळे. चार पायांची काठी घेऊन ते घरातल्या घरात आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. झटक्यापूर्वी त्यांचे वजन ७४ किलो होते, गेल्या महिन्यात ते ८३ भरले. उंची १६५ सेंटिमीटर आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या पुढे गेला आहे. मेंदुविकारतज्ज्ञांनी तपासणीच्या शेवटी "वजन उतरवा" एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

मी नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि आई-बाबा सोलापुरात. लांबून लक्ष ठेवता यावे म्हणून मी बाबांच्या फोनवर वजन कमी करण्याचे एक ॲप घालून दिले आणि त्यांच्या मनगटाला पावले मोजणारा पट्टा बांधला. ॲपने दिवसाला १०,००० पावलांचे उद्दिष्ट दिले. बाबा सर्वांत जास्त चालले त्या दिवशी त्यात २१२ पावले दिसली, तेव्हा मोजणीच चुकत असावी अशी मला शंका आहे. दर तासाला "पाणी प्या" म्हणून घंटी वाजते. जेवण नोंदवायचे काम आईकडे दिले, तर ती "भाकरी, १ नग" असे चार वेळा दाबून मोकळी होते आणि ॲप संध्याकाळी सांगते की बाबांचा आहार अगदी बेताचा आहे! उद्दिष्ट चुकले की तांबडे वर्तुळ येते. चौथ्या दिवशी बाबांनी तो फोन उशीखाली सरकवला आणि अजून बाहेर काढलेला नाही.

त्यांना गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू आहे. अशा रुग्णासाठी ॲपचा उपयोग होतो का, होत असेल तर कोणत्या नोंदी ठेवाव्यात आणि कोणत्या सोडून द्याव्यात, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. शिवाय एका पायावर भार टाकणाऱ्या माणसाचे वजन घरच्या काट्यावर नीट घ्यायचे कसे, हाही प्रश्न आहेच.

पंचगंगा_फिजिओ

ताई, मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बरेचसे रुग्ण पक्षाघाताचेच असतात. तुमची शंका बरोबर आहे, पट्टा चुकतो आहे. मनगटावरचा पट्टा हाताच्या झोक्यावरून पावले ओळखतो. तुमच्या बाबांचा उजवा हात झोका घेत नाही आणि डाव्या हातात काठी असल्यामुळे तोही मोकळा हलत नाही, त्यामुळे पट्टा कोणत्याही मनगटावर बांधला तरी त्याला फारसे काही कळणार नाही. चाल संथ असेल तर खिशातला फोनही पावले गाळतो. मोजायचीच असतील तर पट्टा चांगल्या पायाच्या, म्हणजे डाव्या, घोट्यावर बांधून पाहा. एकदा स्वतः शेजारी उभे राहून ५० पावले मोजा आणि पट्टा किती दाखवतो ते ताडून घ्या. मी मात्र बहुतेक रुग्णांना पावले सोडून मिनिटे मोजायला सांगतो, कारण "आज सहा मिनिटे न थांबता चाललो" हे रुग्णाला कळते आणि पटतेही.

"जळालेल्या कॅलरी" हा आकडा तर सरळ बंद करा. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तेवढेच अंतर काटायला निरोगी माणसापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते. ॲपचे गणित मात्र निरोगी चालीवर बेतलेले असते आणि त्यात पावलेच चुकलेली असतात. त्याहून वाईट म्हणजे काही ॲप व्यायामाचा हा आकडा जेवणाच्या मर्यादेत परत मिळवतात आणि रुग्णाला अर्धी भाकरी जास्त खायला मोकळीक देतात.

उद्दिष्ट ठेवायचे तर बसून राहणे कमी करण्याचे ठेवा. अमेरिकेतील हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे की जे रुग्ण दिवसभर बसून असतात त्यांनी दर ३० मिनिटांनी निदान ३ मिनिटे उभे राहावे किंवा हलका व्यायाम करावा. त्यासाठी कोणतेही वजनाचे ॲप लागत नाही, फोनचा साधा गजर पुरतो. उठताना आई जवळ असाव्यात आणि खुर्ची भिंतीला टेकलेली असावी.

वजनाबद्दल सांगायचे तर काटा शहाबादी फरशीवर ठेवू नका. ती जरा जरी उंचसखल असेल तर काटा जागेगणिक वेगळा आकडा दाखवतो. एक सपाट जागा ठरवून तिथे खडूने खूण करा. आठवड्यातून एकच दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन घ्या. काठी टेकवली किंवा भिंतीला हात लावला की तेवढे वजन काट्यावरून उतरते, म्हणून मागे एका माणसाने हात न लावता नुसते सावध उभे राहावे. तोल अजिबात सांभाळत नसेल तर हा खटाटोप करू नका आणि महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या खुर्चीच्या काट्यावर वजन घ्या. घरी कमरेचा घेर टेपने मोजत राहा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. दोन-चार दिवसांत दोन किलो वाढले किंवा दोन्ही पाय सुजले तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असू शकते, अशा वेळी ॲपमध्ये न पाहता डॉक्टरांना फोन करा.

आता त्या पाण्याच्या घंटीविषयी. पक्षाघातानंतर अनेकांच्या गिळण्यात दोष राहतो आणि पातळ पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकते. त्यातून न्यूमोनिया होतो. प्रत्येक वेळी ठसका लागतोच असेही नाही. बाबांचे गिळणे कधी तपासले होते का? ती तपासणी होईपर्यंत "एक पेला गटागट प्या" अशा सूचना बंदच ठेवाव्यात.

गोदाकाठ

ताई, मी तुमच्या बाबांच्याच पंगतीतला. नाशिकला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आणि ५४ व्या वर्षी मला झटका आला तो उजव्या मेंदूत. हात लवकर सुधारला, पण डावीकडचे जग दिसूनही लक्षात यायचे नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि पत्नी म्हणायची की भूक मेली वाटते. ॲपच्या पडद्यावरही तेच व्हायचे. डाव्या कडेची बटणे मला महिनाभर सापडलीच नाहीत, आणि मी मुलाला सांगत होतो की हे ॲप अर्धवट बनवले आहे. तुमच्या बाबांची अडचण वेगळी आहे, त्यांना शब्द आणि कदाचित आकडेही अवघड जात असतील. अशा माणसाला शोधखिडकीत पदार्थाचे नाव लिहायला सांगणे म्हणजे लंगड्याला शिडी दाखवण्यासारखे आहे.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडे होणार नाही. एका ॲपने मला १६ तास उपवासाची योजना सुचवली. मी प्रश्नावलीत मधुमेहाची खूण केली होती, तरीही सुचवली. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि न्याहारी टाळली. साडेदहाच्या सुमारास मला दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली, आणि घरच्यांना वाटले की दुसरा झटका आला. मुलाने १०८ ला फोन लावला आणि तेवढ्यात पत्नीने बोट टोचून साखर पाहिली, तर ती ४८ निघाली. ग्लुकोज दिल्यावर वीस मिनिटांत वाचा परत आली. साखर फार उतरली की लक्षणे हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकतात, हे त्या दिवशी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी समजावले. आमच्या घरी आता नियम असा आहे की तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा बोलणे अडखळले तर आधी १०८ आणि रुग्णवाहिका येईपर्यंत साखर तपासायची. साखरेपायी फोन लांबवायचा नाही. तुमच्या बाबांनाही तीच गोळी आहे, म्हणून एवढे लिहिले.

त्यानंतर मी ॲप काढून टाकले. पत्नी ताट वाढल्यावर त्याचा फोटो काढते आणि आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकते. मुलगा रविवारी ते फोटो पाहून भात किती वेळा झाला ते सांगतो. वर्षभरात माझे ७ किलो उतरले. माझ्या मनावर मात्र एका गोष्टीचा परिणाम सर्वांत जास्त झाला, तो म्हणजे तांबडी वर्तुळे दिसेनाशी होण्याचा. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येते असे मला डॉक्टरांनी सांगितले होते आणि तो एक मी होतो. बाबांनी फोन उशीखाली ठेवला तो हट्टाने ठेवला असेल असे समजू नका. त्यांची झोप, भूक, रडणे याकडे एकदा लक्ष द्या.

ताटवाटी

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वरच्या दोघांनी महत्त्वाचे सांगितलेच आहे. माझ्या मते तुमच्या घरात ॲप चुकीच्या माणसाच्या हातात आहे. बाबांच्या पोटात काय जाते ते बाबा ठरवत नाहीत, आई ठरवतात. मग ॲपही स्वयंपाकघराचे असू द्या आणि बाबांच्या फोनवरून ते काढून टाका. नोंद तुम्ही पुण्यातून करा. आईंनी फक्त फोटो पाठवावा आणि आठवड्यातून दोनच दिवस, एक साधा आणि एक सुटीचा, नीट वजन-माप करून कळवावे. रोज नोंद करण्याचा उत्साह कोणाच्याही घरी महिन्यापेक्षा जास्त टिकलेला मी पाहिलेला नाही.

आता ॲपमध्ये काय बदलायचे ते सांगते. बहुतेक ॲप वय, उंची आणि वजनावरून विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरी काढतात आणि त्यांना हालचालीच्या गुणांकाने गुणतात. प्रचलित सूत्राने बाबांचा आकडा सुमारे १५५० येतो. "थोडी हालचाल" निवडली तर ॲप त्याचे २१०० च्या वर करते, आणि "बैठे काम" निवडले तर सुमारे १८५०. एका बटणाने पावणेतीनशेचा फरक पडतो! तुम्ही बैठेच निवडा; पक्षाघातात एका बाजूचे स्नायू रोडावतात, त्यामुळे खरा आकडा याहूनही कमी असण्याचा संभव आहे. उतरण्याचा वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो एवढाच ठेवा. सहा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे ८३ चे ७९, झाले तरी मी ते यश मानेन. भराभर उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि त्या उजव्या पायाला तेच परवडणार नाही. म्हणून प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, ताक, अंडे किंवा मासा असायला हवा. मूत्रपिंडाचा अहवाल मात्र आधी पाहून घ्या.

सोलापूरकरांना भाकरीबद्दल मी काय सांगावे! तरीही सांगते. ॲपमधली "१ नग भाकरी" कोणाच्या तव्यावरची आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० कॅलरी असतात, तेव्हा आईंना एकदा परातीत पीठ घेण्यापूर्वी आणि सगळ्या भाकऱ्या झाल्यावर डब्याचे वजन करायला सांगा. फरकाला भाकऱ्यांच्या संख्येने भागले की तुमच्या घरची भाकरी सापडते. ती ॲपमध्ये "आईची भाकरी" या नावाने स्वतंत्र पदार्थ म्हणून साठवा. शेंगा चटणीचेही तसेच. १५ ग्रॅम चटणीत सुमारे ८० कॅलरी जातात आणि ती "तोंडी लावणे" म्हणून कोणत्याच नोंदीत येत नाही.

तेल आणि मीठ ॲपमध्ये नोंदवण्याच्या भानगडीत मी पडत नाही, ते महिन्यावर मोजते. चार माणसांत महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७५ कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. मिठाचे एक किलोचे पाकीट चार माणसांत महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमहून जास्त मीठ जाते, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण धरलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. त्या हिशेबाने चौघांना तेच पाकीट ५० दिवस पुरले पाहिजे. ज्या दिवशी पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा, एवढी एकच नोंद मी रुग्णांच्या घरी आग्रहाने करवते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे हे पुन्हा झटका येऊ नये म्हणून वजनाइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचे आहे. काही ॲप "कमी सोडियमचे मीठ" सुचवतात. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. वाचकांपैकी कोणाकडे वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) चालू असेल तर त्यांनी ॲपने सांगितले म्हणून एकदम पालकाचे रस सुरू करू नयेत; पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे लागते.

ॲपचा उपयोग होतो का, या मूळ प्रश्नाला माझे उत्तर "थोडासा, आणि माणूस पाठीशी असेल तरच" असे आहे. आपल्याकडे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने पक्षाघाताच्या ४,२९८ रुग्णांवर स्प्रिंट इंडिया ही चाचणी झाली. त्यात निम्म्या रुग्णांना अनेक भारतीय भाषांतून संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका दिली होती. २०२३ मध्ये "लॅन्सेट ग्लोबल हेल्थ"मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पुन्हा झटका येणे, हृदयविकार किंवा मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. औषधे नियमित घेण्यात आणि व्यसने सोडण्यात मात्र थोडी सुधारणा दिसली. फोनवरचा संदेश गोळीची आठवण करून देऊ शकतो, तो ताटातली भाकरी उचलून घेऊ शकत नाही. अमेरिकेत स्थूल पक्षाघातग्रस्तांच्या एका लहान गटावर ॲप आणि कागदी आहारवही यांची तुलना झाली होती, तिथेही वजनात दोघांमध्ये फरक आढळला नाही. आईंना वही सोपी वाटत असेल तर ती खुशाल ठेवू द्या.

जाता जाता, प्रश्नावली भरताच "आमचे सल्लागार बोलतील" असे फोन येऊ लागतात. ते सल्लागार बहुधा सभासदत्व विकायला बसलेले असतात; बाबांचा नंबर न देता तुमचा द्या आणि पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी रद्द करून ठेवा.

सिद्धेश्वरपेठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बाबांच्या फोनवरून ॲप काढले, पट्टाही सोडला. आईने डब्याचे वजन करून भाकरी काढली, तर एका भाकरीला ८५ ग्रॅम पीठ लागते. बाबा दिवसाला चार खातात, म्हणजे सुमारे ११२० कॅलरी नुसत्या भाकरीच्या, आणि ॲप त्याच चार भाकऱ्यांचे ४४० धरत होते. आई आधी चिडली, मग म्हणाली की बाबा गिरणीत होते तेव्हापासून ती याच मापाची थापते, तेव्हा ते आठ तास उभे असायचे.

पाण्याचे वाचल्यावर आईला विचारले. रोज सकाळी पाणी पिताना ठसका लागतो, पण "जुनाच आहे" म्हणून तिने कधी सांगितले नव्हते. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ठसक्यासाठी कोणाकडे जावे, आणि चारच्या दोन भाकऱ्या लगेच केल्या तर चालेल का?

पंचगंगा_फिजिओ

गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. मोठ्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ते असतात. तोवर बाबांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घोटाने पाणी द्या आणि पीत असताना त्यांच्याशी कोणी बोलू नका. ताप आला किंवा जेवणानंतर आवाज घरघरायला लागला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

ताटवाटी

एकदम दोन कमी करू नका. ग्लिमेपिराइड चालू असताना पीठ निम्म्यावर आणले तर साखर खाली जाईल. गोदाकाठ काकांची सकाळ आठवा. आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगून गोळीची मात्रा ठरवून घ्या. मग आईंना भाकऱ्यांची संख्या तीच ठेवून प्रत्येक भाकरीचे पीठ ८५ वरून ७० ग्रॅमवर आणायला सांगा आणि उरलेल्या जागी वाटीभर उसळ वाढा. ताटात चार भाकऱ्या दिसतील आणि रोजचे सुमारे २०० कॅलरी पीठ कमी होईल. उसळीच्या कॅलरी त्यात धरायच्याच आहेत, म्हणून त्याच आठवड्यात चटणीवरचे तेलही निम्मे करा. पहिले १५ दिवस उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी साखर पाहून ती वहीत लिहा, आणि पुढच्या तपासणीला ती वहीच घेऊन जा.